रात्री हात आखडणारा कंट्रोलर

“आणि हे सगळं हा एकटाच करतो?” मोमीन सरांनी विचारलं.

“हो सर. एकटाच.”

मी जरा तोऱ्यातच म्हणाले. ते कौतुकानं विचारत नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. माझ्या बऱ्याच गोष्टी उशिरा लक्षात येतात.

सरांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि कोड वाचत खाली खाली जाऊ लागले.

“किती ओळी?”

“दोनशे चाळीस.”

“सगळ्या मिळून?”

“नाही सर. फक्त दूध देण्याच्या कामाच्या.”

“हं…”

मिरजेतल्या एका इस्पितळात मातांच्या दुधाची पेढी आहे. ज्या बायकांना जास्तीचं दूध येतं त्या तिथं देऊन जातात. ते तपासून, गोठवून ठेवतात आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना मोजून देतात. कुणाला किती दिलं याची नोंद आजवर रजिस्टरात व्हायची. सोमवारपासून रजिस्टर बंद होणार होतं आणि मी लिहिलेलं सॉफ्टवेअर सुरू होणार होतं.

अट एकच होती. मोमीन सरांनी ते पाहून अहवालावर सही करायची. इस्पितळाच्या केसपेपरचं पहिलं सॉफ्टवेअर सरांनी लिहिलेलं. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी इस्पितळ चालवणाऱ्या मोठ्या मॅडमचा दुसऱ्या कुणाच्या नजरेवर विश्वास नाही. माझ्या नजरेवर तर नाहीच. माझाही नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून शुक्रवारी दुपारी मी सरांच्या घरी, बाहेरच्या खोलीत बसले होते. पर्समध्ये अहवाल होता. त्यावर फक्त सहीची जागा कोरी होती.

सिस्टर वॉर्डातल्या संगणकावर बाळाचा नंबर टाकतात, ‘दूध द्या’ हे बटण दाबतात. ती मागणी पहिल्यांदा ज्याच्या हातात पडते त्या कोडाला कंट्रोलर म्हणतात. त्यानं मागणी घ्यायची, योग्य ठिकाणी पोचवायची, आलेलं उत्तर परत द्यायचं. पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं.

माझा कंट्रोलर बाळाचं वजन बघायचा, वय मोजायचा, किती मिली ते ठरवायचा, फ्रीझरमधली सगळ्यात जुनी बाटली निवडायचा, ती साठ्यातून कमी करायचा, लेबल छापायचा आणि वर आईच्या फोनवर संदेशही पाठवायचा.

याला कारण होतं. माझी मुलगी ईरा सात आठवडे आधी जन्मली. पहिले अकरा दिवस ती याच पेढीच्या दुधावर होती. कुणाकुणाचं दूध, मला नावंही माहीत नाहीत. आता ती आठ महिन्यांची आहे आणि समोर येईल ते तोंडात घालते. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ठरवलं, यात एकही चूक राहू द्यायची नाही. आणि चूक राहू नये म्हणून सगळं एका जागी, माझ्या नजरेसमोर ठेवलं.

स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाला पातेल्याला हात लावू न देणाऱ्या बायकांना मी हसते. हे आपलं सांगून ठेवते.

“केसपेपरच्या खिडकीवर आमच्या वेळी दत्तोबा बसायचा,” सर म्हणाले. “नाव, गाव, वय. ‘सात नंबरला जा.’ झालं. दिवसाला तीनशे माणसं.”

“हुशार असतील.”

“मुळीच नाही. म्हणून तर खिडकी चालायची.”

मी हसले. सर हसले नाहीत.

“तुझा दत्तोबा नाडी बघतो, सुई टोचतो, औषध देतो, आणि घरी फोन करून कळवतोसुद्धा. काही चुकलं तर काय चुकलं म्हणायचं? नाडी का सुई?”

“म्हणून तर सगळं एका ठिकाणी ठेवलंय सर. दिसायला सोपं.”

“तुला दिसतं?”

“मला… पाठ आहे.”

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कपाळावर ठेवला.

“तपासतेस कसं?”

“टेस्ट आहे ना सर.” कोड नीट चालतो की नाही हे तपासायला आम्ही दुसरा छोटा कोड लिहितो, त्याला टेस्ट म्हणतात. मी ती चालू केली.

स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या. आधी सर्व्हर, म्हणजे सगळी माहिती साठवणारा लांबचा संगणक, शोधला. मग एक खोटं बाळ तयार झालं, मग त्याची खोटी आई. फ्रीझरमधली एक बाटली राखून ठेवली गेली. इस्पितळातल्या प्रिंटरवर लेबल गेलं असणार. मग माझा फोन वाजला. ‘आपल्या बाळासाठी दूध तयार आहे.’

टेस्ट पास झाली. चार मिनिटं लागली.

“एका बाळाला चार मिनिटं?”

“हो.”

“संदेश तुला का आला?”

“टेस्टमध्ये मी माझा नंबर घातलाय.”

“आधी कुणाचा होता?”

हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. कदाचित ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना सगळ्यांनाच हे कळत असावं.

“यादीतल्या पहिल्या बाईंचा,” मी म्हणाले. “चुकून राहिला होता. त्या तीन मजले चढून वर आल्या. टाके ओले होते. कठडा धरून धरून.”

“मग?”

“मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, असू दे, त्या निमित्तानं बाळ तरी बघायला मिळालं.”



“किती बाळं तपासलीस अशी?”

“सात.”

“सहा आठवड्यांत?”

“प्रत्येक वेळी सगळं उभं करावं लागतं सर. बाटली परत साठ्यात टाकावी लागते. लेबल फाडून टाकायला खाली कुणाला तरी सांगावं लागतं.”

“रात्री चालवून पाहिलीस?”

“रात्री कशाला? मशीनला रात्र-दिवस नसतो, सर.”

“हे वाक्य तयार होतं तुझ्याकडे.”

“…हो. आवळे सिस्टरांना म्हणाले होते.”

“कोण आवळे सिस्टर?”

मला तो विषय काढायचा नव्हता. पण निघाला.

आवळे सिस्टर नवजात बाळांच्या वॉर्डात रात्रपाळीला असतात. एकवीस वर्षं तिथंच. सॉफ्टवेअर आठवडाभर चाचणीसाठी लावलं होतं, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मला जिन्यात भेटल्या. पाळी संपवून घरी निघाल्या होत्या.

“केतकीताई, तुमचं मशीन रात्री हात आखडतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे दिवसा दहा मिली देतं, रात्री त्याच बाळाला आठ. आणि रात्री जन्मलेल्या बाळाला तर नाहीच म्हणतं. सकाळी विचारलं की हो म्हणतं.”

मी तिथंच जिन्यात लॅपटॉप उघडून टेस्ट चालवली. पास झाली. तेव्हाच मी ते वाक्य म्हणाले होते. सिस्टर, मशीनला रात्र-दिवस नसतो.

“आम्हाला असतो,” असं म्हणून त्या निघून गेल्या.

“पुढं?” सरांनी विचारलं.

“त्या आठवड्यात मशीननं तीनदा नाही म्हटलं. तीनदा सिस्टरांनी तरीही दूध दिलं. मंजुरी नसताना. फ्रीझरमधून बाटली काढून, रजिस्टरात लिहून.”

“बाळं रडत असतील.”

“हो.”

“मग?”

“त्यांना मेमो मिळाला. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. नियम मोडला म्हणून रात्रपाळीच्या प्रमुखपदावरून त्यांना काढतील बहुतेक.”

“मेमो कशावरून दिला?”

मी पर्समधून अहवाल काढला. तो त्यांच्यापुढं ठेवला. त्याची एक प्रत आधीच मोठ्या मॅडमकडे गेली होती. शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : ‘तीन प्रसंगी वापरकर्त्याची चूक.’

“वापरकर्ता म्हणजे कोण?”

“आवळे सिस्टर.”

“मग नाव का नाही घातलं?”

मी अहवालाचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसले.

“केतकी?”

“नाव घालायला बरं वाटलं नाही, सर.”

सर उठले. मला वाटलं, आता हाकलतात. ते दाराशेजारच्या मीटरपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा मंद होत होत थांबला. कोपऱ्यातल्या राउटरचे हिरवे दिवे गेले. आत मिक्सर फिरत होता, त्याचा आवाज मधेच तुटला.

“अहो, लाईट गेली का?” आतून चाचींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, विचारलं.

“गेली नाही. घालवली.”

“माझं वाटण अर्धं राहिलंय.”

“आमचंही.”

सर येऊन बसले आणि माझ्यापुढं हात पसरला. “फोन.”

“सर, ईरा घरी सासूबाईंपाशी आहे. त्यांचा फोन आला तर…”

“सासूबाईंनी किती मुलं वाढवली?”

“तीन.”

“हं.” हात तसाच होता.

मी फोन दिला. तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला. पुढच्या तासाभरात मी त्या खिशाकडे किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

“आता चालव तुझी टेस्ट.”

“नेट नाही सर. नुसती बॅटरी आहे. सर्व्हरच सापडणार नाही.”

“म्हणजे तुझा कोड गप्प?”

“गप्प.”

“बरं. बाराशे ग्रॅमचं बाळ. तिसरा दिवस. दर दोन तासांनी किती दूध?”

“दहा मिली.”

तोंडातून निघूनच गेलं.

“कसं काढलंस?”

“डॉक्टरांनी तक्ता ठरवून दिलाय. पहिल्या दिवशी किलोमागे साठ मिली, दुसऱ्या दिवशी ऐंशी, तिसऱ्या दिवशी शंभर. बाराशे ग्रॅमला दिवसाचे एकशेवीस. बारा वेळा पाजायचं. दहा.”

“लाईट नाही. नेट नाही. फ्रीझर नाही. बाळसुद्धा नाही इथं. तरी जमलं?”

“हो…”

“मग हेच तुझ्या कोडाला विचारायचं तर सगळं इस्पितळ का उभं करावं लागतं?”

पंखा नसल्यानं गल्लीतलं सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी सायकल स्टँडवर लावली. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी उत्तर शोधत होते, म्हणजे खरं तर कारण शोधत होते.

सरांनी एक कोरा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

“एवढंच लिही. दूध किती, ते. बाटली नको, लेबल नको, आईचा फोन नको.”

मी लिहायला लागले. वजन लिहिलं. जन्मतारीख लिहिली. मग थांबले.

“काय झालं?”

“बाळाचा कितवा दिवस ते काढायला आजची तारीख लागते.”

“मग?”

“ती कोड सर्व्हरला विचारतो.”

“सर्व्हर बंद आहे. मला विचार.”

मला वाटलं, गंमत करताहेत. तरी विचारलं. “सर, आज तारीख किती?”

“कुठली देऊ?”



“सर, आजची म्हणजे आजची. एकच असते ती.”

“सर्व्हरकडे एकच असते. माझ्याकडे पुष्कळ आहेत.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “कागदाला काय कळतंय? मी देईन ती आज. तू फक्त जागा ठेव.”

मी जागा ठेवली. आता कागदावर तीन रिकाम्या जागा होत्या. वजन. जन्मतारीख. आज.

सरांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि पहिलं बाळ भरलं. बाराशे ग्रॅम, जन्म दहा तारखेचा, आज बारा.

“तिसरा दिवस,” मी म्हणाले. “दहा मिली.”

हजार ग्रॅम. जन्म एकतीस डिसेंबरचा. आज एक जानेवारी.

“दुसरा. दिवसाचे ऐंशी. साडेसहाच्या थोडं वर.”

“थोडं म्हणजे किती?”

“…पॉइंट सहा सहा. गोल करून सात.”

“गोल कुणी करायचं? सिस्टरांनी का तुझ्या कोडानं?”

हे कुणी ठरवलंच नव्हतं. मी समासात खूण केली.

मग जुळी आली, दोन वेगवेगळ्या वजनांची. मग अठ्ठावीस फेब्रुवारीला जन्मलेलं एक. मग वजन लिहायचंच राहून गेलेलं एक. दहा मिनिटांत सरांनी अकरा बाळं जन्माला घातली. सहा आठवड्यांत मी सात तपासली होती.

मला मजा यायला लागली होती. हे सांगायला संकोच वाटतो, पण खरं आहे. कितीतरी दिवसांनी काम करताना छातीत धडधडत नव्हतं.

आणि त्या मजेतच मी स्वतः म्हणाले, “सर, आता सिस्टरांचं घ्या.”

“सांग.”

“बारा तारखेला मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता जन्म. बाराशे ग्रॅम. सिस्टरांनी रात्री दोन वाजता बटण दाबलं.”

सरांनी वजन भरलं. जन्म बारा, असं भरलं. तिसऱ्या जागेवर पेन टेकवून ते थांबले.

“आज?”

“बाराच. पहिला दिवस. दिवसाचे बहात्तर, म्हणजे सहा मिली.”

“हे कोण म्हणतं?”

“मी.”

“आणि कोड?”

“कोड… सर्व्हरला विचारतो.”

“आणि सर्व्हर काय सांगतो?”

मी कागदावरच्या तिसऱ्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

सर्व्हरचं घड्याळ आपल्या घड्याळाहून साडेपाच तास मागं असतं. तो जगाच्या वेळेवर चालतो. हे मला माहीत होतं. आमच्या धंद्यात हे सगळ्यांनाच माहीत असतं. स्क्रीनवर जिथं जिथं वेळ दिसते तिथं मी साडेपाच तास मिळवून ठेवले होते. पण दोनशे चाळीस ओळींच्या मधोमध, कुणाला न दिसणाऱ्या एका ओळीत, मी नुसतंच विचारलं होतं : आज तारीख किती?

“रात्री दोनला,” मी म्हणाले, “सर्व्हरकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.”

“म्हणजे?”

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि तिसऱ्या जागेत स्वतःच भरलं. अकरा.

“जन्म बाराचा. आज अकरा. पहिला दिवस एक धरला तर हा… शून्य.”

“शून्याव्या दिवशी किती दूध?”

“काही नाही, सर. मीच अट घातलीय. दिवस एकापेक्षा कमी असेल तर नाही म्हणायचं. मला भीती वाटत होती, कुणी चुकून पुढची तारीख टाकली तर…”

बाळ रडतंय, सिस्टर बटण दाबताहेत, आणि माझा कोड सांगतोय की हे बाळ अजून जन्मलेलंच नाही.

“आणि जी आधी जन्मलेली?” सरांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

“त्यांचा एक दिवस कमी धरला असणार. तिसऱ्याचा दुसरा. दहाऐवजी आठ मिली. पहाटे साडेपाचला सर्व्हरची तारीख बदलते, मग सगळं बरोबर.”

“हात आखडतं.”

“हो. सिस्टरांनी अगदी हेच सांगितलं होतं. आकड्यांसकट.”

“आणि तुझी टेस्ट?”

“माझी टेस्ट… दुपारची होती, सर. जिन्यात चालवली ती सकाळी नऊची. मी कधीही चालवली असती तरी ती तेवढ्या वेळेपुरतंच सांगणार. तिला रात्रीचं विचारायची सोयच मी ठेवली नव्हती.”

सर ‘बघ, मी सांगत होतो’ असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी लॅपटॉप ओढला. नेट नव्हतंच, बॅटरी अर्धी होती. कागदावरचा नियम मी जसाच्या तसा वेगळ्या फाईलमध्ये लिहिला. त्याला सर्व्हर माहीत नाही, प्रिंटर माहीत नाही, कुणाचा फोन नंबर माहीत नाही. वजन द्या, जन्मतारीख द्या, आज द्या. तो मिली सांगतो. बाटली निवडणं दुसरीकडे गेलं. लेबल तिसरीकडे. संदेश चौथीकडे.

मग कागदावरची बारा बाळं टेस्टमध्ये घातली. शिवाय माझी सात. शिवाय मध्यरात्रीच्या एक मिनिट आधीचं एक, एक मिनिट नंतरचं एक, साडेपाचच्या अलीकडचं आणि पलीकडचं. आता कंट्रोलरनं तारीख आपल्या घड्याळाप्रमाणे काढून नियमाच्या हातात द्यायची होती, तर तेही वेळ बदलून बदलून तपासलं.

चालवली.

मी स्क्रीनकडे नीट पाहण्याआधीच झाली होती. सगळी पास. कुणाचा फोन वाजला नाही, कुठं लेबल निघालं नाही, कुणी बाई जिना चढून आली नाही.

“कंट्रोलर दाखव,” सर म्हणाले.

मी दाखवला. नऊ ओळी. मागणी घ्यायची. बाळाची माहिती मागवायची. आजची तारीख काढायची. नियमाला विचारायचं. बाकीच्यांना आपापलं काम सांगायचं. उत्तर परत द्यायचं.

मी त्या नऊ ओळींकडे बघत होते. कडेवरचं मूल कुणी उचलून घेतलं की कंबर एकदम मोकळी होते आणि त्याच क्षणी भीती वाटते, तसं वाटलं.

“हा तर काहीच करत नाही, सर.”

“हं.”

“म्हणजे… एवढं सगळं माझ्या नजरेसमोर होतं. आता माझ्यासमोर उरलं काय?”

“किती वेळ नजर ठेवणार होतीस?” सरांनी विचारलं. “रात्री दोनलाही?”



त्यांनी उठून मेन वर केला. पंखा फिरायला लागला. आत मिक्सर एकदम ओरडला आणि चाची दचकून काहीतरी बोलल्या. ते सरांना उद्देशून होतं, एवढं कळलं.

पंख्याच्या वाऱ्यानं अहवाल टेबलावरून उडाला. सरांनी तो धरला, माझ्यापुढं ठेवला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं. त्यांचं बोट शेवटून तिसऱ्या ओळीवर होतं.

मी ‘वापरकर्त्याची चूक’ खोडलं. वर लिहिलं : ‘प्रोग्रामरची चूक.’ मग पुढं माझं पूर्ण नाव लिहिलं, लग्नानंतरच्या आडनावासकट. अक्षर वाईट आलं.

कागद सरांकडे सरकवला.

त्यांनी वाचला. पेनाला टोपण लावलं.

“सर, सही?”

“आज रात्री दोनला सिस्टर बटण दाबून बघतील. त्या हो म्हणाल्या की.”

“म्हणजे सोमवार…”

“सोमवार कुठं पळून जात नाही.”

“मी मोठ्या मॅडमना आत्ता लगेच कळवते,” मी म्हणाले. “हा कागदच पाठवते फोटो काढून. उद्या उत्तर द्यायची वेळच येणार नाही सिस्टरांवर. मेमो मागं घ्यावाच लागेल.”

“आणि सिस्टरांना?”

“त्यांना…” मी घड्याळ पाहिलं. पावणेचार. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली. “त्यांना आत्ता फोन नाही करता येणार, सर. रात्रपाळी करून आल्यात. दुपारच्या झोपलेल्या असतात.”

सरांनी खिशातून माझा फोन काढला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

“मग त्यांची सकाळ किती वाजता होते ते काढ,” ते म्हणाले. “सर्व्हरला विचारू नकोस.”